हलकी सायकल, जड हिशेब

गेल्या वर्षी दिवाळी होऊन गेल्यावरची एक रविवार सकाळ. चहाचा दुसरा कप, हातात वर्तमानपत्र, आणि समोर येऊन बसलेली आमची लेक. वय वर्षे एकोणतीस. नोकरी करते, स्वतःचे स्वतः कमावते. तिने टेबलावर दोन कागद ठेवले. बँकेत असताना समोर कोणी असे कागद ठेवले की मी आधी चष्मा लावत असे आणि मग बोलत असे. निवृत्तीनंतरही ती सवय गेलेली नाही. मी चष्मा लावला.

“बाबा, सायकल घ्यायची आहे. दोन नजरेत आहेत. कुठली घेऊ?”

पहिल्या कागदावर नवी कोरी सायकल होती. अॅल्युमिनियमचा सांगाडा, किंमत एक लाख वीस हजार. दुसऱ्यावर कार्बनची. ती नवी घ्यायची तर अडीच लाखांच्या पुढे. पण ही तिच्या ओळखीच्या एका तरुणाने दोन वर्षे वापरलेली, म्हणून एक लाख तीस हजारांना मिळत होती. दोन्ही ‘रोड बाइक’ म्हणतात त्या जातीच्या. मेंढ्याच्या शिंगांसारखे खाली वळलेले हँडल, बारीक टायर, ना मडगार्ड, ना कॅरिअर, ना स्टँड.

“सायकलला लाख रुपये?” स्वयंपाकघरातून आवाज आला. आमच्या घरी अर्थखात्याचा शेवटचा शेरा तिथूनच येतो.

वाचकांपैकी ज्यांच्या घरात हे वेड अजून शिरलेले नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. आमची मुलगी ‘ब्रेव्हे’ नावाच्या लांब पल्ल्याच्या फेऱ्या करते. ही शर्यत नव्हे. इथे कोणी पहिला नाही की दुसरा नाही. ठरलेले अंतर ठरलेल्या वेळात, कोणी मदतीला बरोबर न घेता पुरे करायचे, एवढेच. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४० तास. मूळ पद्धत फ्रान्सची. पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत येण्याची १२०० किलोमीटरची दौड तिथे १८९१ साली पहिल्यांदा झाली. आपल्याकडे मुंबई-पुणे शर्यत आणि तिचा ‘घाटाचा राजा’ जुन्या पिढीला ठाऊक होताच. पण लांब पल्ल्याचे वेड खरे वाढले ते अलीकडे. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची, सुमारे ४८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघाने पुरी केली. २०१७ साली लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच एकेकट्याने पुरी केली. त्यानंतर कितीतरी घरांतले गजर पहाटे चारचे लागू लागले. त्यांतलेच एक घर आमचे.

लेकीने पहिल्या तीन फेऱ्या जुन्या, जड सायकलवर केल्या होत्या. राहिली होती ती ६०० ची. पुण्याहून निघायचे, सातारा, कोल्हापूर, निपाणी मागे टाकून पुढे जायचे आणि तसेच परत यायचे. म्हणजे एक संपूर्ण रात्र रस्त्यावर, आणि घाटांचे उतार थकलेल्या अंगाने. तेव्हा प्रश्न नुसता लाखाचा नव्हता. तिचा जीव कशाच्या भरवशावर सोडायचा, असा होता. हे मी तिला बोलून दाखवले नाही. तिच्या आईनेही नाही.

मी ताबडतोब म्हणालो, “अॅल्युमिनियमची घे.”

“का?”

“धातू तो धातू. कार्बन म्हणजे शेवटी कोळसा.”

“बाबा, हे मत झालं. कारण सांगा.”

आणि माझ्याकडे कारण नव्हते. पस्तीस वर्षे मी इतरांच्या कर्जप्रकरणांवर शेरे लिहिले. तपासणी अहवालावाचून मत देणाऱ्या कनिष्ठांना चार शब्द सुनावले. आता माझ्याच घरी माझाच शेरा बिनअहवालाचा निघाला. मी दोन आठवड्यांची मुदत मागून घेतली.

सायकल आणि मी, आमचे नाते तसे जुने. १९८४ साली मी बँकेत लागलो, तेव्हा पहिली नेमणूक एका खेड्यातल्या शाखेत झाली. गरिबांसाठी चार टक्के व्याजाची कर्जयोजना १९७२ पासून चालू होती. तिच्यात आम्ही दूधवाल्यांना, पेपरवाल्यांना, पाववाल्यांना सायकली घेऊन देत असू. सायकल बँकेकडे नजरगहाण. म्हणजे वस्तू कर्जदाराच्या दारात, हक्क बँकेचा. खूण म्हणून दांडीवर पांढऱ्या रंगात बँकेचे नाव लिहून घ्यायचे. एका दूधवाल्याच्या सायकलची खालची नळी दोन्ही बाजूंच्या भरलेल्या कॅनांच्या ओझ्याने तडकली. मला वाटले, कर्ज बुडाले. पण पुढच्या बाजाराच्या दिवशी तो त्याच सायकलवरून हप्ता भरायला आला. नळीवर पितळेचा पिवळा जोड दिसत होता. वडाखाली बसणाऱ्या वेल्डरने काही रुपयांत तो लावून दिला होता. त्या सायकलचे वजन वीस किलोच्या घरात असेल. पण तुटली तर गावात जोडता येत होती, आणि मोडायच्या आधी ती कुरकुरत होती, वाकत होती. पोलाद माणसाला सूचना देते. मर्यादेतला भार कितीही वेळा आला तरी ते दमत नाही, हा त्याचा मोठा गुण.

मग पोलाद सोडले कशाला? वजनासाठी. घरातली लोखंडी कढई आणि हिंदालियमचे पातेले एकेका हाताने उचलून पाहा, उत्तर मिळेल. अॅल्युमिनियम पोलादाच्या सुमारे एक तृतीयांश वजनाचे. पण ते वाकतेही तिप्पट सहज. तेव्हा पोलादाच्या मापाच्याच नळ्या अॅल्युमिनियमच्या करून भागत नाही. पायडलवर जोर दिला की सांगाडा डुलायला लागतो. यावर तोडगा नळीच्या घेरात आहे. नळीचा पत्रा तेवढाच ठेवून घेर दुप्पट केला, तर तिचा ताठपणा दुप्पट नव्हे, आठपट होतो. अमेरिकेत एमआयटी या संस्थेत शिकणाऱ्या गॅरी क्लाइन याने १९७० च्या दशकात जाड नळ्यांचे हे सांगाडे करायला घेतले आणि पुढे सायकलचे रूपच बदलले. आजच्या अॅल्युमिनियम सायकलीच्या नळ्या मनगटाएवढ्या दिसतात, त्याचे कारण हे.

निव्वळ अॅल्युमिनियम मऊ असते. सांगाड्यासाठी त्यात थोडे मॅग्नेशियम, थोडे सिलिकॉन अशी भेसळ करतात. नळ्या वेल्डिंगने जोडून झाल्या की आख्खा सांगाडा पाचशे अंशांच्या वर तापवतात, एकदम थंड करतात, आणि मग मंद आचेवर काही तास ठेवतात. आपला लोहार विळ्याला पाणी पाजतो, त्याच कुळातली ही क्रिया. म्हणूनच असा सांगाडा तडकला तर वडाखालच्या वेल्डरचे काम राहत नाही. तो जोडून देईल, पण जोडाशेजारचा धातू वेल्डिंगच्या आचेने मऊ पडलेला असेल. त्याला पुन्हा पाणी कोण पाजणार?

आणि एक दोष. अॅल्युमिनियमची तार हातात घेऊन मागेपुढे वाकवत राहा. काही वेळाने ती तुटते. पोलादासारखी ‘इतक्या भारापर्यंत कधीच दमणार नाही’ अशी रेषा या धातूला नाही. भार लहान असला तरी तो लाखो वेळा येत गेला की थकवा साचत राहतो. कारखानदार हे जाणून नळ्या पुरेशा भक्कम करतात, त्यामुळे चांगला सांगाडा वर्षानुवर्षे चालतो; पण त्याला आयुष्याची मर्यादा आहे. ‘धातू तो धातू’ हे माझे पहिले वाक्य इथेच लंगडे पडले.

आता कार्बन. तो कोळसा खरा, पण कोळशाचे सूत. स्वेटरची स्वस्त लोकर ज्या अॅक्रिलिकची असते, त्याच्याच भाईबंद धाग्यापासून हे सूत होते. धागा आधी हवेत दोन-तीनशे अंशांवर भाजतात, मग प्राणवायू न लागू देता हजार अंशांच्या वर. बाकी सारे उडून जाते, उरतो कार्बन. एक तंतू पाच ते सात मायक्रॉनचा; म्हणजे आपल्या केसाच्या दहाव्या हिश्शाइतका. तंतूंच्या पट्ट्या राळेसारख्या चिकट द्रव्यात भिजवतात, त्यांचे काही शे तुकडे कापतात आणि साच्यात एकावर एक, ठरलेल्या दिशेने बसवतात. हे काम आजही बव्हंशी हातांनी होते. तैवान आणि चीनमधल्या कारखान्यांतून माणसे ओळीने बसून हे तुकडे रचत असतात. आजीच्या गोधडीची आठवण यावी असा प्रकार. मग साचा तापवला की राळ घट्ट होते आणि सांगाडा तयार.

यातली खरी गंमत दिशेची. बांबू उभा चिरला तर कोयत्याच्या एका घावात फाटतो. आडवा तोडायला घाम निघतो. कार्बनचे सूतही लांबीच्या दिशेने ओढ सोसते, आडवे फारसे नाही. म्हणून कारागीर ठरवू शकतो की जिथे पायाचा जोर येतो तिथे सांगाडा ताठ हवा, आणि जिथे सीटमधून हादरे येतात तिथे किंचित लवणारा. धातूच्या नळीला ही मुभा फार थोडी. कार्बनचा सांगाडा हलका असतो हे सगळे सांगतात. पण तो हवा तसा घडवता येतो, हे त्याचे मोठे सामर्थ्य. आणि रोजच्या भाराने तो अॅल्युमिनियमसारखा थकतही नाही. इथे माझे दुसरे वाक्यही गेले.

त्याचा शत्रू वेगळा. तो म्हणजे एका जागी बसलेला घाव. पडल्यावर दगडाच्या टोकाचा, गाडीवर बांधताना आवळलेल्या पट्ट्याचा, रेल्वेच्या सामानाच्या डब्यात कोणी वर टाकलेल्या पेटीचा. गोधडीचे वरचे कापड शाबूत आणि आतला टाका उसवलेला, असे तिथे होऊ शकते. अॅल्युमिनियमला पोचा पडतो, तो दिसतो. कार्बन पुष्कळदा पूर्वीसारखाच दिसत राहतो.

आता वजनाचा हिशेब. हे माझे आवडीचे काम. माझ्यासमोरच्या दोन सायकलींत फरक होता सव्वा किलोचा. सोयीसाठी एक किलो धरू. लेक, सायकल, पाणी, दिवे, खाऊ आणि पंक्चरचे सामान मिळून साधारण ७५ किलो. त्यातला एक किलो म्हणजे सव्वा टक्क्याच्या किंचित वर. सिंहगडासारख्या खड्या चढावर बहुतेक सगळी ताकद वजन वर नेण्यात जाते. तो चढ चढायला एक तास लागत असेल, तर एक किलो कमी केल्याने पाऊण मिनिट वाचते. सपाट रस्त्यावर तेवढेही नाही, कारण तिथे झगडा वाऱ्याशी असतो, वजनाशी नव्हे. शर्यतीत पाऊण मिनिट म्हणजे सर्वस्व. पण चाळीस तासांच्या फेरीत? तेवढा वेळ ती एका चहाच्या टपरीवर सुट्टे पैसे शोधण्यात घालवते.

शर्यतीच्या जगात मात्र निकाल केव्हाच लागला आहे. १९८६ साली ग्रेग लेमॉन्डने टूर द फ्रान्स जिंकली ती कार्बनच्या नळ्यांच्या सांगाड्यावर. १९९८ साली इटलीच्या मार्को पँतानीने ती अॅल्युमिनियमच्या सायकलवर जिंकली, आणि त्या धातूची ती शेवटची मोठी मिरवणूक ठरली. पुढे कार्बनच कार्बन. वजन इतके उतरू लागले की जागतिक सायकल संघटनेने २००० साली नियमच केला: शर्यतीची सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी असता कामा नये.

आणि अंगाला बसणारे हादरे? अॅल्युमिनियम हाडे खिळखिळी करते, अशी त्याची जुनी ख्याती. ती अगदीच खोटी नव्हती. पहिले जाड नळ्यांचे सांगाडे फार ताठ होते. पण आमच्या सायकल मेस्त्रींनी मला एक साधी गोष्ट दाखवली. एकाच सायकलीला आधी २३ मिलिमीटरचे, दगडासारखी हवा भरलेले टायर लावून मला गल्लीतल्या गतिरोधकावरून पाठवले. मग २८ मिलिमीटरचे, जरा कमी हवेचे. “काका, आता सांगा, सांगाडा बदलला का?” सांगाडा तोच होता, पण पाठीला दुसरीच सायकल वाटली. हादरा आधी टायर गिळतो, मग सीट, मग हँडलवरची पट्टी. सांगाड्याची पाळी शेवटी येते.

दोन आठवडे संपले तेव्हा माझी पंचाईत झाली होती. ज्या कारणासाठी मी अॅल्युमिनियम म्हणत होतो ते कारण उरले नव्हते. नवे कार्बन आणि नवे अॅल्युमिनियम समोर असते, तर मी म्हणालो असतो, खिसा पाहा आणि घ्या. पण समोर नवे कार्बन नव्हते. वापरलेले होते.

आम्ही ती सायकल पाहायला गेलो. काळी कुळकुळीत, एका हाताने उचलावी अशी. तो तरुण सज्जन होता. चहा दिला, बिले दाखवली. मी विचारले, “कधी पडला होता का हिच्यावरून?”

“एकदाच, काका. मागच्या पावसाळ्यात. घाटाच्या उताराला वळणावर खडी होती. मला चार टाके पडले. सायकलला काही झालं नाही. नुसतं खरचटलं होतं, तेवढा रंग मारून घेतला.”

त्याने हे अगदी सरळ सांगितले, लपवायचे असते तर सांगितलेच नसते. पण ‘रंग’ हा शब्द ऐकला आणि मला माझी एक जुनी चूक आठवली. शहरातल्या शाखेत असताना मी एका छोट्या कारखानदाराला जुन्या लेथ मशीनवर कर्ज मंजूर केले होते. यंत्र हिरव्या रंगात चकाकत होते. मी भोवती एक फेरी मारली आणि शेरा लिहिला, ‘यंत्र सुस्थितीत.’ वर्षाच्या आत खाते थकले. जप्तीला गेलो तेव्हा कळले, यंत्राच्या बैठकीला मोठा तडा होता. लांबी भरून वर रंग दिलेला. कारखानदारालाही तो तसाच विकला गेला होता. फसवणारा कोणी तिसराच, बुडालो आम्ही दोघे. तेव्हापासून ताजा रंग दिसला की माझे बोट आपोआप तिकडे जाते.

परतीच्या वाटेवर मी हे बोललो. लेक चिडली. “बाबा, तो खोटं बोलत नाहीये. कर्ज देताना तुम्ही प्रत्येकाला बुडवाच समजायचात का?”

मी गप्प बसलो. प्रश्न योग्य होता. घरी आल्यावर एवढेच म्हणालो, “तो खरं बोलतो आहे. पण त्याला जे ठाऊक नाही, ते तो कुठून सांगणार?”

मेस्त्रींकडे सायकल नेली, त्या तरुणाच्या संमतीनेच. मेस्त्रींनी हँडल उतरवले, पुढचा चिमटा बाहेर काढला, दिव्याखाली धरून त्याची नळी पाहिली. मग एक रुपयाचे नाणे घेऊन सांगाड्यावर इंच-इंच वाजवत गेले. टिक, टिक, टिक. आत थर सुटले असतील तर आवाज बद्द होतो, म्हणाले. नारळ वाजवून पाहतात तसे. रंग दिलेल्या जागी दोनदा थांबले. आम्ही तिघे श्वास रोखून.

“काही दिसत नाही,” ते शेवटी म्हणाले. “आवाजही ठीक आहे. पण ताई, दिसत नाही म्हणजे नाहीच, असं मी लिहून देणार नाही. त्याला ध्वनिलहरींनी आतून तपासणारा माणूस पाहिजे. आणि चिमटा तर मी माझ्या पोरासाठी असता तर बदलूनच टाकला असता.”

मी एक जुनी घटना सांगितली. २००६ सालची पॅरिस-रुबे शर्यत, फरसबंद दगडी रस्त्यांसाठी कुप्रसिद्ध. जॉर्ज हिंकॅपी हा अमेरिकन सायकलपटू त्या दिवशी आधी एकदा पडला होता. उठला, पुढे निघाला. नंतर भर वेगात त्याचे हँडल हातात आले. चिमट्याची हँडलपर्यंत जाणारी नळी तुटली होती. तो आपटला, खांदा गेला. यातली लक्षात ठेवायची गोष्ट अशी की ती नळी कार्बनची नव्हती. अॅल्युमिनियमची होती. तेव्हा दोष अमुक पदार्थाचा, असे म्हणून सुटका नाही. पडल्यानंतर काय झाले हे न पाहता पुढे निघणे, हा दोष.

लेक बराच वेळ त्या काळ्या सांगाड्याकडे पाहत राहिली. मग तिने त्या तरुणाला विचारले, “याची हमी आहे ना अजून?” होती, पण पहिल्या मालकापुरती. बहुतेक कंपन्यांचा हाच नियम. सायकल विकली की हमी संपली, आणि अपघात तर त्यात धरतच नाहीत. आमच्या भाषेत सांगायचे तर जामीनदार कर्जदाराबरोबरच नाहीसा होणार होता.

“मग मी नाही घेत,” ती म्हणाली. “रात्री दोन वाजता उताराला मला सांगाड्याचा विचार करायचा नाहीये.”

तो तरुण रागावला नाही. सायकलकडे पाहत म्हणाला, “मग मी तरी इतके महिने हिच्यावर कसा हिंडत होतो?” त्याने सायकल विकायचा बेत तिथेच सोडला आणि मेस्त्रींना नव्या चिमट्याची किंमत विचारली. मला वाटते, आमच्या साऱ्या चौकशीतून कोणाचा खरा फायदा झाला असेल तर त्याचा.

हे वाचून कोणी असे समजू नये की मी कार्बनच्या विरुद्ध आहे. ज्यांना शर्यतीत उतरायचे आहे, ज्यांच्या खिशाला नव्या सांगाड्याची किंमत झेपते आणि जे पडल्यावर तो तपासून घेण्याची शिस्त पाळतील, त्यांनी खुशाल कार्बन घ्यावे. त्याचे नटबोल्ट ताकद मोजणाऱ्या पान्यानेच आवळावेत, अंदाजाने नव्हे. तडा गेलाच तर जाणकार माणूस खराब थर घासून काढून नवे थर चढवू शकतो. ते शक्य आहे, पण वडाखाली नाही. ज्यांची सायकल एसटीच्या टपावर चढते, पावसात उभी राहते, घरातली दोन माणसे वापरतात, त्यांना अॅल्युमिनियम बरे. कोकणात, गोव्यात, मुंबईत खारी हवा आणि घाम; तिथे अॅल्युमिनियमच्या नळीत कार्बनचा सीटदांडा असेल तर तो अधूनमधून बाहेर काढून पुसावा. दोन पदार्थ खाऱ्या ओलीत एकमेकांना लागून राहिले की धातू गंजतो आणि दांडा आत चिकटून बसतो. आणि जुनी सायकल घेणार असाल, मग ती कशाचीही असो, आधी तिचा पूर्वेतिहास विचारा. अॅल्युमिनियमची असेल तर वेल्डिंगच्या कडांवर रंगात केसासारखी रेघ दिसते का ते पाहा. कार्बनची असेल तर ताज्या रंगाची चौकशी करा.

या सगळ्याच्याही आधी माप. सांगाडा अंगाच्या मापाचा नसेल तर तो सोन्याचा असला तरी मान आणि गुडघे धरणारच.

लेकीने अॅल्युमिनियमची नवी सायकल घेतली. तिचा पुढचा चिमटा कार्बनचा आहे, नवा, हमीसकट. हल्ली बहुतेक चांगल्या अॅल्युमिनियम सायकलींना तो तसाच येतो. म्हणजे आमच्या दोन आठवड्यांच्या वादाचा निकाल कारखानदाराने आधीच अर्धा-अर्धा लावून ठेवला होता. वाचलेल्या दहा हजारांत २८ चे उत्तम टायर, दोन दिवे आणि चमकणारे जाकीट आले. स्वयंपाकघरातून शेरा आला, “दिवे चांगले घे, स्वस्तातले नकोत.” ती मंजुरीच होती.

पुढे जानेवारीत एका शनिवारी पहाटे सहाला ती ६०० वर निघाली. रविवारी रात्री दहापर्यंत पोचायचे होते. आम्ही दोघे आठपासूनच शेवटच्या ठिकाणी थर्मास घेऊन उभे. नऊ वाजून वीस मिनिटांनी वळणावर एक पांढरा दिवा दिसला आणि तिच्या आईने माझा दंड धरला.

ती उतरली, पाणी प्यायली, फुटपाथवर बसली. मी म्हणालो, “कार्बनची असती तर लवकर आली असतीस का गं?”

“आले असते ना. पण साताऱ्याच्या अलीकडे एका धाब्याच्या बाजेवर पाऊण तास झोपले. तो कोण परत देणार?”

तिची आई तिला थर्मासमधली कॉफी ओतून देत होती. मी सायकल भिंतीला टेकवून ठेवली आणि सवयीने दिव्याखाली वेल्डिंगच्या कडांवरून बोट फिरवू लागलो. नुसती धूळ होती.

“बाबा,” मागून आवाज आला, “तपासणी उद्या.”